वंशावळीत न लिहिलेलं

आमच्या घराण्याची वंशावळ मी लिहिली आहे. त्यासाठी पाच वर्षं घालवली. बस्तीतल्या जुन्या देणगीच्या वह्या पाहिल्या, जमिनीचे उतारे काढले, चिकोडी, निपाणी, बेळगाव इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी बसून नावं विचारून घेतली. सात पिढ्यांचं झाड तयार झालं. पंचकल्याणकाच्या वेळी ते छापून घरोघरी वाटलं. लोकांनी कौतुक केलं, मलाही फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या आत्तेबहिणीचा फोन आला. वय सत्तेचाळीस. गर्भाशयाच्या अस्तराचा, म्हणजे आपण बायका ज्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतो, तो निघाला होता. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, घरात आणखी कोणाला असं काही झालं होतं का? तिला सांगता येईना.

"आक्का, वंशावळ तू लिहिलीस न्हवं? आजीला काय झालं होतं ते बघून सांग की जरा."

मी पुस्तक उघडलं. आजीचं नाव होतं, पण आजोबांच्या नावाखाली, 'धर्मपत्नी' म्हणून. मृत्यूचं साल होतं. कशानं गेली, ते नव्हतं. आणि आत्तेबहिणीची आई, माझी थोरली आत्ती, तिचं तर नावच नव्हतं. ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, म्हणून आमच्या झाडातून उतरली. मीच उतरवली होती. मी बाई असून.

त्या दिवसानंतर मी या आजाराविषयी वाचायला लागले. वाचता वाचता एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सापडली. तिनंही आपल्या घराण्याची वंशावळ केली होती, पण माझ्यापेक्षा फार चांगली. तीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथं १८९५ साली डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन हे रोगनिदानशास्त्राचे अध्यापक होते. पॉलिन ग्रॉस ही त्यांच्याकडे शिवणकाम करणारी तरुण मुलगी. तिचे पूर्वज जर्मनीतून येऊन त्या भागात शेती करत स्थायिक झालेले. एक दिवस वॉर्थिनना ती उदास दिसली. त्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, मी लवकर मरणार आहे. आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या, नाहीतर बायकांच्या अवयवांच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार.

अशा बोलण्याला आपल्याकडे काय उत्तर मिळतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'काहीतरी अभद्र बोलू नकोस.' वॉर्थिननी तसं म्हटलं नाही. त्यांनी तिचं म्हणणं खरं आहे का, हे तपासायचं ठरवलं. पण तपासायचं तर माहिती हवी. ती माहिती दिली पॉलिननं. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची मुलगी, कोण कितव्या वर्षी आणि कशानं गेलं, हे ती नात्यागोत्यात विचारत राहिली आणि त्यांना सांगत राहिली. पुढची कितीतरी वर्षं हे चाललं. तिच्या यादीत मुलीही होत्या, लग्न होऊन गेलेल्याही होत्या.

१९१३ साली वॉर्थिननी ती माहिती प्रसिद्ध केली. नाव लपवून घराण्याला एक अक्षर दिलं, 'जी'. 'जी' घराण्यात गर्भाशयाचा आणि पोटाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आहे आणि तो कमी वयात येतो आहे, हे त्यांनी कागदावर मांडलं. त्या काळी वैद्यकातल्या बहुतेकांचं मत असं की कॅन्सर काही वंशानं येत नाही. त्यामुळे लेखाकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

१९१९ साली पॉलिन गेली. गर्भाशयाच्या अस्तराच्याच कॅन्सरनं. तिनं सांगितलं होतं तसंच झालं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वॉर्थिनना आपण नुसते देवमाणूस करून टाकू. ते त्या काळच्या सुप्रजननाच्या विचाराचे होते. 'चांगली' घराणी वाढावीत, 'बिघडलेली' खुंटावीत, असा तो विचार. अमेरिकेत आणि पुढे जर्मनीत त्या विचारानं काय अनर्थ केला, ते जगाला माहीत आहे. म्हणजे ज्या बाईनं विश्वासानं आपल्या घरचं दुखणं उघडं केलं, तिच्याच घराण्याकडे 'बिघडलेला वंश' म्हणून बघणं शक्य होतं. आपल्या थोरल्या बायका घरातला आजार पदराखाली झाकतात, त्यामागे हीच भीती असते. ती भीती खोटी नाही. ती समजून घेतली, तरच तिच्यापलीकडे जाता येईल.

वॉर्थिन १९३१ साली वारले. त्यांच्यानंतर त्यांच्या विभागातल्या कार्ल वेलर यांनी १९३६ साली 'जी' घराण्याचा आणखी एक वृत्तांत लिहिला. मग जवळजवळ पंचवीस-तीस वर्षं कागद कपाटात पडून राहिले.

साठीच्या दशकात नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात हेन्री लिंच नावाच्या तरुण डॉक्टरांपुढे एक रोगी आला. दारूनं खंगलेला. इतकी का पितोस, विचारलं तर म्हणाला, मी कॅन्सरनं मरणारच आहे, आमच्या घरात सगळेच त्यानं मरतात. सत्तर वर्षांपूर्वी पॉलिन जे बोलली तेच. लिंचनीही ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांच्याबरोबर अ‍ॅन क्रश नावाच्या समाजसेविका होत्या. घरोघर जाऊन, नातेवाइकांशी बोलून वंशावळी तयार करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १९६६ साली दोन मोठ्या घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो पाहून मिशिगन विद्यापीठातून वॉर्थिन यांचे जुने कागद लिंच यांच्याकडे सोपवण्यात आले. लिंच आणि क्रश यांनी 'जी' घराणं पुन्हा शोधलं. १९७१ साली त्यांनी लिहिलं तेव्हा त्या घराण्यातल्या ६५० हून अधिक रक्ताच्या नातेवाइकांची नोंद झाली होती आणि त्यांतल्या ९५ जणांना कॅन्सर झालेला होता.

तरीही संशोधनासाठी पैसे मागितले की लिंचना नकार यायचा. एका घरात राहणारी माणसं एकच खातात-पितात, म्हणून एकच आजार होतो, असं मोठे मोठे लोक म्हणत. लिंच घराण्यांच्या नोंदी ठेवत राहिले. १९८४ साली या आनुवंशिक दोषाला त्यांचं नाव दिलं गेलं, 'लिंच सिंड्रोम'. पॉलिनचं नाव मात्र कशालाच दिलेलं नाही.

दोष नेमका कुठं आहे, हे १९९३ आणि १९९४ साली सापडलं. ते मी माझ्या पद्धतीनं सांगते.

आपल्या भागात अत्तिमब्बेचं नाव माहीत नसलेली जैन बाई विरळा. दहाव्या शतकात तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती ताडपत्रावर लिहवून वाटल्या, असं परंपरा सांगते. आता हजार प्रती म्हटल्या की लेखनिकांच्या चुका आल्याच. कुठं काना सुटेल, कुठं अक्षर दोनदा पडेल. म्हणून प्रत लिहून झाली की मूळ पोथीशी ताडून बघणारा एक शोधक लागतो. लेखनिक कितीही चांगला असला, तरी शोधक नसेल तर दहाव्या प्रतीपर्यंत अर्थाचा अनर्थ होतो.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी दुभागताना अशीच एक पोथी उतरवून घेते. सुमारे तीन अब्ज अक्षरांची. उतरवताना चुका होतात आणि त्या शोधून दुरुस्त करणारी प्रथिनं पेशीत असतात. ती प्रथिनं बनवण्याची कृती ज्या जनुकांत आहे, त्यांतली मुख्य चार : एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. लिंच सिंड्रोम म्हणजे या चारांपैकी एखाद्यात जन्मतःच दोष असणं. प्रत्येक जनुक आपल्याला दोन मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेलं असलं तरी दुसरं काम निभावून नेतं. पण आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत ते दुसरंही बिघडतं, आणि तिथं शोधकच उरत नाही. चुका साठत जातात. आतड्याचं आणि गर्भाशयाचं अस्तर सतत नवं होत असतं, म्हणजे तिथं पोथ्या उतरवण्याचं काम सतत चालू.

'जी' घराण्यातला नेमका दोष २००० साली सापडला, एमएसएच२ या जनुकात. पॉलिन बोलली त्याला तेव्हा एकशे पाच वर्षं झाली होती.

हा दोष आईबापांपैकी एकाकडे असेल तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी. आणि इथंच आपली एक जुनी समजूत चुकते. बायकांचा आजार म्हणजे तो आईकडून, मावशीकडून येणार, असं आपण धरून चालतो. पण बापाला गर्भाशय नसलं तरी हा दोष त्याच्याकडे असू शकतो आणि तो मुलीला देऊ शकतो. म्हणून आत्या, बापाची आई, बापाची आत्या, ही सगळी नावं मोजायला हवीत. वंशावळीतून नेमक्या याच बायका गळालेल्या असतात.

धोका किती? अमेरिकेत सर्वसाधारण बाईला आयुष्यात हा कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. एमएसएच२ मध्ये दोष असलेल्या बायकांत ते पंच्याहत्तर वर्षांच्या वयापर्यंत जवळजवळ निम्म्यावर जातं. पीएमएस२ मध्ये ते बरंच कमी, शंभरात तेराच्या घरात. ज्या लिंचच्या बायकांना आतड्याचा आणि पिशवीचा असे दोन्ही कॅन्सर झाले, त्यांच्यातल्या सुमारे निम्म्या जणींत पिशवीचा किंवा अंडाशयाचा आधी झाला होता. म्हणजे घरात काहीतरी आहे, हे पहिल्यांदा कळतं ते बायकांच्या अंगावरून. पण तेच कोणी बोलत नाही.

कोणी घाबरून जाऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. पिशवीच्या कॅन्सरच्या शंभर रोग्यांत लिंचमुळे झालेल्या दोन-तीनच असतात. २०११ सालापासून संशोधकांना जनुकसंचातल्या आणखी काही जागा सापडत आल्या आहेत, २०१८ पर्यंत अशा सोळा झाल्या होत्या. पण त्यांतली एकेक जागा धोका जरासाच वाढवते, तिच्यावरून एखाद्या बाईचं भविष्य सांगता येत नाही. बहुतेक जणींच्या बाबतीत वजन, मधुमेह, पाळीतली अनियमितता यांचाच भाग मोठा असतो. चरबीत इस्ट्रोजेन तयार होतं आणि ते अस्तराला वाढवत राहतं. 'जी' घराण्यातही एक गंमत दिसते. सुरुवातीच्या पिढ्यांत जठराचा कॅन्सर जास्त होता, पुढच्या पिढ्यांत तो कमी होऊन आतड्याचा वाढला. जनुक तेच, पण राहणं-खाणं बदललं तसा आजारही बदलला. तेव्हा जनुक म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे.

आता आमच्या घराकडे येते.

आत्तेबहिणीच्या काढलेल्या गाठीची तपासणी झाली. चारांतली दोन प्रथिनं त्यात दिसली नाहीत. मग रक्ताची तपासणी झाली आणि एमएसएच२ मधला दोष निघाला. पॉलिनच्या घरात होता, त्याच जनुकात.

तोपर्यंत मी म्हाताऱ्या काकूंकडे जाऊन बसले होते. काकूंना सगळं आठवत होतं. कोणी विचारलंच नव्हतं एवढंच. माझ्या आजीला पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. ती त्याला 'उष्णता' म्हणायची आणि धने-जिऱ्याचं पाणी प्यायची. थोरल्या आत्तीचंही तसंच. आठ महिने तिनं कोणाला सांगितलं नाही. बस्तीत जाणं बंद केलं, दशलक्षण पर्वात पूजेला बसली नाही, लोकांनी विचारलं तर गुडघ्याचं निमित्त सांगितलं. रक्त जातंय म्हणजे आपण अशुद्ध, एवढंच तिला कळत होतं. आपण आजारी आहोत, हे कळलं नाही. आणि माझे वडील 'पोटाच्या दुखण्यानं' गेले, ते दुखणं आतड्याचं होतं.

सगळ्या बायकांनी लक्षात ठेवावं असं मी एकच वाक्य लिहिणार असेन, तर ते हे. पाळी गेल्यावर अंगावरून एक थेंबही गेला, तर तो दाखवायचा. तसं झालेल्या शंभर बायकांत नव्वदीहून अधिक जणींचं कारण साधंच निघतं, पण सुमारे नऊ जणींत कॅन्सर निघतो. उलट बाजूनं पाहिलं तर पाळी गेल्यावर हा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या नव्वद जणींना असं रक्त गेलेलं असतं. इतकी स्पष्ट खूण फार थोडे आजार देतात. आणि गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये. ती तपासणी वेगळ्या आजारासाठी आहे. यासाठी सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा काढून बघणं लागतं.

तपासणीची वेळ आमच्यावरही आली. माझ्याकडे तो दोष आलेला नाही. माझ्या धाकट्या भावाकडे आला आहे. त्याची मुलगी सव्वीस वर्षांची, तिच्या लग्नाची बोलणी चाललेली. घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. एक ज्येष्ठ नातेवाईक म्हणाले, "हे चार भिंतींच्या आत राहू दे. स्थळं परत जातील. पूर्वकर्म असतं एकेकाचं, त्याला काय करणार?"

कर्मसिद्धांत मीही मानते. पण कर्माचा उदय झाला म्हणून पुरुषार्थ सोडावा, असं मी कुठल्याही मुनींच्या प्रवचनात ऐकलेलं नाही. आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. औषधदान जर पुण्य, तर औषधाची वेळ निघून जाईपर्यंत गप्प बसणं काय?

आणि आज करण्यासारखं पुष्कळ आहे. पॉलिनकडे काहीच नव्हतं. तिला नुसतं ठाऊक होतं. २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लिंचचा दोष असलेल्या ज्या ६१ बायकांनी मुलंबाळं झाल्यावर पिशवी आधीच काढून घेतली होती, त्यांच्यात एकीलाही हा कॅन्सर झाला नाही. ज्यांनी काढली नव्हती अशा २१० जणींत एक तृतीयांश जणींना झाला. आपल्याकडे गावोगाव तरण्या बायकांच्या पिशव्या साध्या तक्रारीसाठी काढून टाकतात, त्याच्याशी याची गल्लत करू नये. इथं कारण तपासून ठरलेलं असतं, आणि निर्णय त्या बाईचा असतो. आतड्याची ठरावीक वर्षांनी दुर्बिणीतून तपासणी केली तर गाठ कॅन्सर होण्याआधीच काढता येते. माझा भाऊ ती करून घेतो. ज्यांना कॅन्सर झाला, त्यांच्यासाठीही २०१७ सालापासून अमेरिकेत एक नवं औषध मान्य झालं आहे, ते याच दोषाचा फायदा घेतं. चुका साठलेल्या पेशी शरीराच्या रक्षकांना चटकन ओळखू येतात, त्या रक्षकांवरचा लगाम ते औषध सैल करतं. इंग्लंडमध्ये २०२० पासून पिशवीच्या कॅन्सरच्या प्रत्येक रोग्यात या दोषाची तपासणी करावी, अशी शिफारस आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी कॅन्सरच्या आनुवंशिकतेविषयी सल्ला मिळतो. दूर वाटतं, पण आत्तीच्या काळात तेवढंही नव्हतं.

भाची ऐकत बसली होती. शेवटी तिनंच विषय संपवला. म्हणाली, "आत्ती, तपासणी मी करून घेणार. आणि ज्याच्याशी लग्न करायचं, त्याला मीच सांगणार. ऐकून जो परत जाईल, तो नंतर तर गेलाच असता की." तिच्या तपासणीत काय निघालं, ते मी इथं लिहीत नाही. ते सांगायचं की नाही, हे तिनं ठरवायचं.

मी मात्र माझं काम पुन्हा करायला घेतलं आहे. या वेळी छापायला नाही, एका जाड वहीत. आजीचं स्वतःचं नाव, तिच्या आईचं नाव, सासरी गेलेल्या सगळ्या मुली आणि त्यांच्या मुली, कोण कितव्या वर्षी कशानं गेलं, कोणाची पिशवी काढली आणि का काढली. सुट्टीत सगळ्या जमल्या की मी ती वही मधे ठेवते. पहिल्या दिवशी कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आवरल्यावर, काकू म्हणाल्या, "माझ्या माहेरचंही लिहून घे गं. आमच्या आईचं कोणी लिहिलेलंच नाही."

मी लिहून घेतलं.